आत्याला मृत्युपत्रात लहान मुलांच्या हॉस्पिटलला द्यायचंय, कागद नीट कसा करावा?

कोरेगावची_भाची

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचून मगच सांगा.

माझी आत्या, वय ७४, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं, सातारा जिल्ह्यातच बदल्या होत होत शेवटी मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाली. लग्न केलं नाही. साताऱ्यात तिचा स्वतःच्या पगारातून घेतलेला वन बीएचके आहे, एफडी सगळ्या मिळून २२ लाखांच्या आसपास, थोडं सोनं, आणि कोरेगाव तालुक्यात आमच्या वडिलोपार्जित जमिनीत तिचा हिस्सा आहे. तर गेल्या दिवाळीत भाऊबीजेला सगळे जमलेले असताना तिने ताट बाजूला सारून सरळ सांगितलं की माझ्यामागे फ्लॅट आणि एफडी मुंबईला लहान मुलांच्या हॉस्पिटलला जाईल, पाटल्या भाच्यांना, जमिनीचा हिस्सा भाच्यांच्या भावांना. सगळे गप्प झाले. दादा (माझा मोठा भाऊ, तोच तिचं बँकेचं, दवाखान्याचं बघतो) नंतर मला गच्चीत म्हणाला की पैशाचं नाही गं, पण हे आधी मला एकट्याला सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

असं का, तर त्यामागे एक गोष्ट आहे आणि ती आम्हालाही त्या दिवशीच कळली. १९८७ साली ती एका डोंगरातल्या गावात तिसरीला शिकवत होती, वर्गात एक मुलगी होती, हुशार, पाढे तोंडपाठ, पण कवायतीला चार पावलं धावली की मधेच मैदानात उकिडवी बसायची. आत्याला वाटायचं आळस करते. रागवायची. एकदा तर उठवून उभं केलं तिला. मग थंडीत तिचे ओठ आणि नखं निळी दिसली तेव्हा तालुक्याला नेलं, तिथे डॉक्टर म्हणाले हृदयात दोष आहे, मुंबईला परळला न्या. बाप गवंड्याच्या हाताखाली कामाला. आत्याने शिक्षकांमध्ये वर्गणी काढली, जमवाजमव होईपर्यंत पावसाळा आला आणि मुलगी गेली. आत्या म्हणाली ती दमून बसायची आणि मी तिला रागवत होते. एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली.

तर आता तिने ठरवलंय ते व्हायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, पण आमच्यात कोणाला यातलं काही कळत नाही. साध्या कागदावर चालतं का? रजिस्टर करावंच लागतं का? एफडीला नॉमिनी दादा आहे, मग ते पैसे त्यालाच जाणार का? हॉस्पिटलचं नाव लिहिलं की झालं का? आणि नंतर दादाला हेलपाटे नकोत. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज लिहा.

दस्तलेखक_वाई

ताई, मी गेली एकोणीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहितो, रोज एखादं तरी मृत्युपत्र हातातून जातं, म्हणून लिहितोय. वकिलाला एकदा दाखवाच, पण ढोबळ सांगतो.

साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प लागत नाही. रजिस्टर करणं कायद्याने सक्तीचं नाही, तरी करा, फी अगदी किरकोळ आहे आणि उद्या कोणी म्हटलं की म्हातारीकडून सही करून घेतली तर निबंधकासमोर उभं राहून दिलेला कबुलीजबाब कामाला येतो. चालता येत नसेल तर निबंधक घरीही येतात, तसा अर्ज द्यायचा. साक्षीदार दोन हवेत, त्यांच्यासमोर आत्यांनी सही करायची आणि मग त्यांनी करायची. आत काय लिहिलंय ते त्यांना कळायची गरज नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला उभं करू नका, म्हणजे तुम्ही पण नाही, पाटल्या आहेत ना तुम्हाला. आणि साक्षीदार वयाने लहान बघा हो. लोक आपल्या बरोबरीच्या मित्रांना आणतात, आणि नंतर कोर्टात साक्ष द्यायची वेळ येते तेव्हा तिघेही नसतात. फॅमिली डॉक्टर साक्षीला मिळाले तर उत्तम, त्यांच्याकडूनच त्या दिवशीचं तब्येतीचं सर्टिफिकेट घ्या की स्मरणशक्ती ठीक आहे, स्वतःचे निर्णय स्वतः घेतात.

नॉमिनीचं. हा गोंधळ सगळ्यांचाच असतो. नॉमिनी म्हणजे मालक नाही, बँकेने ज्याच्या हातात पैसे ठेवायचे तो माणूस. त्याने पुढे मृत्युपत्राप्रमाणे द्यायचे असतात. शेअर्सच्या बाबतीतसुद्धा सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या डिसेंबरात हेच सांगितलं. सोसायटीतल्या फ्लॅटच्या नॉमिनेशनचंही तेच. बँकेच्या एफडीला संस्थेला नॉमिनी करता येत नाही, व्यक्तीच लागते, त्यामुळे दादाच नॉमिनी राहू दे आणि मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणजे एक्झिक्युटर म्हणूनही दादालाच नेमा. पैसे त्याच्या हातात येतील आणि पुढे द्यायची जबाबदारीही त्याचीच, दोन ठिकाणी दोन माणसं झाली की अडतं. त्याच्या जोडीला पर्यायी म्हणून अजून एक नाव घाला.

जमिनीचं त्यांनी बरोबर ठरवलंय. शेतजमीन संस्थेच्या नावावर करायला गेलं की कूळकायदा आडवा येतो, शेतकरी नसलेल्याला ती सहजासहजी जात नाही. घरातच राहू दे. फक्त वडिलोपार्जित जमिनीत आपल्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं, तो सातबारा आणि फेरफार एकदा काढून बघा, बऱ्याचदा बहिणींची नावं लागलेलीच नसतात.

प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टातून खरं ठरवून घेण्याची, भीती घालतील लोक. ते वर्षानुवर्षं मुंबईतल्या मिळकतीला सक्तीचं होतं, साताऱ्याच्या फ्लॅटला नाही.

ठाण्याचा_पुतण्या

वरच्या प्रतिसादातलं सगळं बरोबर आहे पण फ्लॅटबद्दल माझं ऐका, कारण त्यात आम्ही सात वर्षं घालवलीयेत.

आमचे काका कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. मृत्युपत्रात एकच ओळ, माझा राहता फ्लॅट अमुक हॉस्पिटलला द्यावा. नाव लिहिलं ते लोकांच्या तोंडी असलेलं. आता हॉस्पिटल ही काही संस्था नसते, ते चालवणारा ट्रस्ट असतो आणि त्याचं नाव भलतंच असतं, आणि इथे तर त्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेल्या दोन संस्था निघाल्या. कोणती ते ठरवण्यात दीड वर्ष. मग फ्लॅट ट्रस्टच्या नावावर झाला. हॉस्पिटलला दुसऱ्या गावातला फ्लॅट काय करायचा, त्यांना विकायचा होता. पण सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मिळकत एकदा ट्रस्टची झाली की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, कलम ३६ आहे त्याचं. जाहिरात काढा, ऑफर मागवा, व्हॅल्युएशन आणा, विश्वस्तांचा ठराव जोडा. त्यात विश्वस्त बदलले, परत ठराव. तोपर्यंत फ्लॅट बंद, सोसायटीचा मेंटेनन्स चढतोय, गळती होऊन खालच्यांची भांडणं, आणि सगळी पत्रं मला येत होती कारण पत्ता माझा दिलेला. शेवटी पैसे पोचले. पण काकांना जाऊन सात वर्षं झाली होती, आणि त्या सात वर्षांत त्या पैशातून किती पोरांचं औषधपाणी झालं असतं याचा हिशोब मी अजूनही करतो.

म्हणून फ्लॅट देते असं लिहू नका. असं लिहा की व्यवस्थापकाने फ्लॅट बाजारभावाने विकावा आणि देणी, खर्च वजा जाता येणारी रक्कम अमुक ट्रस्टला द्यावी. म्हणजे फ्लॅट ट्रस्टच्या नावावर जातच नाही, रोख रक्कम जाते आणि ती परवानगीची भानगड राहत नाही. वकिलाकडून हे वाक्य तोलूनमापून लिहून घ्या, विकायचा अधिकार व्यवस्थापकाला स्पष्ट शब्दांत हवा.

ट्रस्टचं पूर्ण नाव, सार्वजनिक न्यास नोंदणी क्रमांक, पॅन, पत्ता, हे चारही मृत्युपत्रात घाला. हॉस्पिटलच्या ऑफिसला पत्र लिहून मागवा, देतात. आणि पुढे एक ओळ, ही संस्था त्यावेळी अस्तित्वात नसली किंवा दुसरीत विलीन झाली तर व्यवस्थापकाने लहान मुलांवर उपचार करणाऱ्या तशाच धर्मादाय संस्थेला द्यावं. ही ओळ नसली तर कोर्टात जाऊन ठरवून घ्यावं लागतं.

अजून एक, आकडा लिहू नका. २२ लाख हॉस्पिटलला असं लिहिलं आणि मधल्या काळात आत्यांच्याच आजारपणात दहा गेले तर ओढाताण होते. जे शिल्लक असेल त्याचे इतके टक्के असं लिहा. आत्यांनी स्वतःवर खर्च करताना कधीही असं वाटून घेऊ नये की आपण हॉस्पिटलचे पैसे खातोय. काका शेवटी शेवटी चांगला डॉक्टर नको म्हणायचे, कशाला खर्च, म्हणायचे. ते मला फार लागलं होतं.

परळ_नाईट_ड्यूटी

मी बालरुग्ण विभागात सिस्टर आहे, २३ वर्षं झाली. कागदाचं वर आलंय, मी दुसरं सांगते.

आधी आत्यांना एक सांगा. ती मुलगी जे उकिडवी बसायची ना, ते त्या आजाराचंच लक्षण असतं. टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणतात, हृदयात छिद्र आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. धावलं की अंगात अशुद्ध रक्त जास्त फिरायला लागतं, मग ती मुलं आपोआप खाली बसतात, कोणी शिकवत नाही त्यांना. तसं बसलं की पायातल्या रक्तवाहिन्या दबतात आणि रक्त फुप्फुसाकडे जास्त वळतं, बरं वाटतं. आम्हाला हे पुस्तकात शिकवतात म्हणून माहीत. १९८७ साली डोंगरातल्या शाळेत एका बाईला कुठून माहीत असणार, आणि त्यांनीच तर ओठ निळे बघून डॉक्टरकडे नेलं. त्या मुलीसाठी घरच्यांनंतर धावपळ केलेलं एकच माणूस त्या होत्या. हे त्यांना शब्दाशब्दाने वाचून दाखवा प्लीज.

आता हे ऑपरेशन बहुतेक पहिल्या वर्षातच करतात आणि मुलं शाळेत जातात, खेळतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत आणि शाळेत येऊन तपासते, त्यात सापडलेल्या मुलांची हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात, जीवनदायीचं म्हणजे आताच्या महात्मा फुले योजनेचं कार्डही आहे. धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवायच्या आणि बिलाच्या २ टक्के निधी बाजूला काढायचा हाही नियम आहे. म्हणजे आत्यांच्या वेळेसारखं अगदी काहीच नाही असं राहिलं नाही.

मग पैसा लागतो कुठे, तर जिथे योजना संपते तिथे. ऑपरेशन योजनेत झालं पण बाळ महिनाभर आयसीयूत राहिलं, आई गडचिरोलीहून आलेली, खाली फूटपाथवर झोपतेय, बाप रोजंदारी बुडवून थांबलाय आणि बाराव्या दिवशी म्हणतो सिस्टर, आता घेऊन जातो, मला परवडत नाही. हे मी किती वेळा बघितलंय. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या मुलांसाठी सेंट ज्यूडची सेंटर्स आहेत २००६ पासून, आईबापांसकट फुकट राहतात, त्यांचे उपकार शब्दात सांगता येणार नाहीत. पण सगळ्यांना जागा पुरत नाही, आणि परत तपासणीला यायचं भाडं, घरी गेल्यावरची औषधं, हे कुठल्याच योजनेत धड बसत नाही.

म्हणून माझं म्हणणं की मृत्युपत्रात मशिन घ्या असं बांधून टाकू नका. देणाऱ्यांना मशिनवर नावाची पाटी आवडते, मी समजू शकते, पण मशिन दहा वर्षांत जुनं होतं आणि ते चालवायला माणूस आणि सुटे भाग लागतात त्याला कोणी देत नाही. कॉर्पस म्हणून द्या, म्हणजे मुद्दल तशीच ठेवायची आणि व्याज गरीब मुलांच्या उपचारावर आणि पालकांच्या राहण्याखाण्यावर. २२ लाखांवर सात टक्क्यांनी धरलं तरी वर्षाला दीड लाख होतात, फ्लॅटचे वेगळे. दीड लाखात किती आया महिनाभर दोन वेळचं जेवून बाळाजवळ थांबतील विचार करा. आणि शक्यतो "प्राधान्याने" असा शब्द घाला, "फक्त" नको. वीस वर्षांनी कशाची गरज असेल आज कोणाला माहीत, "फक्त" लिहिलेला पैसा पडून राहतो.

अजून एक, हॉस्पिटलच्या सोशल वर्कर मॅडमना आधी भेटा. ट्रस्टींच्याही आधी. कुठे अडतं ते त्यांना बिल काउंटरपेक्षा जास्त माहीत असतं.

घाटमाथ्यावरून

मला विचारावंसं वाटतं, राग मानू नका. भाचा सगळं बघतो, उद्या आत्या अंथरुणाला खिळल्या तर तोच करणार, मग त्याला जमिनीचा वाटा सोडून काहीच नाही हे बरोबर वाटतं का? आणि द्यायचंच तर मुंबईला कशाला, ज्या गावांत शिकवलं तिथल्या शाळेला द्या. मुंबईच्या हॉस्पिटलला द्यायला मोठे लोक आहेत.

कोरेगावची_भाची

राग कशाला, घरात पण हेच बोलणं झालं. शाळेचं आत्याने आधीच केलंय, ज्या पाच शाळांत होती तिथे रिटायर झाली त्या वर्षीच पुस्तकांची कपाटं दिली, ती म्हणते शाळेला मी माझी ३४ वर्षं दिली, आता जिथे ती मुलगी पोहोचू शकली नाही तिथे जाऊ दे. दादाचं तुम्ही म्हणता ते मला पटतं, मलाही तेच टोचतंय.

वसईकर_मास्तरांचा_नातू

आमच्याकडची गोष्ट सांगतो, कायदा आता बदललाय पण काहीजण अजून घाबरवतात म्हणून. आमचे आजोबा वसईत शाळामास्तर, आम्ही ख्रिस्ती. १९९४ साली मृत्युपत्र केलं, थोडी वाडी आणि पोस्टातले पैसे आजारी मुलांच्या दवाखान्यासाठी. पाच महिन्यांत गेले. एका नातेवाइकाने वकिलाकडून काढलं की भारतीय उत्तराधिकार कायद्यात कलम ११८ आहे, पुतण्या-भाची किंवा त्याहून जवळचं माणूस हयात असेल तर धर्मादाय दानाचं मृत्युपत्र मरणाआधी निदान १२ महिने लिहिलेलं हवं आणि ते लिहिल्यापासून सहा महिन्यांत, कायद्याने ठरवलेल्या ठिकाणी जपून ठेवायला जमा केलेलं हवं. म्हणजे आजोबा लवकर गेले म्हणून त्यांची इच्छा रद्द. आजी रडली नाही, ती म्हणाली बारा महिने जगायला पाहिजे होते का रे त्यांनी.

हे कलम हिंदूंना लागूच नव्हतं, आणि २००३ साली सुप्रीम कोर्टाने केरळातल्या एका धर्मगुरूंच्या अर्जावर ते घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्यामुळे आत्यांना मुळातच काळजी नाही, आणि आता आम्हालाही नाही. कोणी बारा महिन्यांचा नियम सांगितला तर हे दाखवा.

बाकी आम्ही सगळ्या चुलत भावंडांनी २००५ साली थोडे थोडे जमवून त्या दवाखान्याला दिले, आजोबांच्या रकमेइतके. ते करताना मला कळलं की आजोबांनी एकदा घरात बसून सगळ्यांना सांगितलं असतं ना, तर तो नातेवाईक पण गेला नसता वकिलाकडे. त्याला ते कागदावर वाचायला मिळालं, हेच त्याचं दुखणं होतं. तुमच्या आत्यांनी दिवाळीत सांगितलं ते फार चांगलं केलं. आता फक्त दादाला वेगळं बसवून सांगायला लावा.

दस्तलेखक_वाई

वसईकर, हे कलम मी फक्त ऐकून होतो, त्यापायी माणसांचं काय होतं ते आज कळलं. ताई, एक राहिलं, मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं, शेवटचं जे असेल तेच धरतात. त्यामुळे आत्यांना सांगा की आज केलं म्हणजे हात बांधले असं नाही. आणि थोडं आत्ताच द्यायचं असेल तर चेकने द्या, दोन हजारांच्या वर रोख दिलं तर दानावरची आयकर सवलत मिळत नाही, आणि नवीन टॅक्स रेजिममध्ये असतील तर तसंही मिळत नाही.

कोरेगावची_भाची

पंधरा दिवस झाले, उशिरा लिहितेय. तुम्हा सगळ्यांचं मी आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं. परळच्या सिस्टर, तुमचं दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली म्हणजे तिला बरं वाटायचं तसं बसल्यावर? मी म्हटलं हो. मग बराच वेळ काही बोलली नाही, संध्याकाळी मात्र स्वतःहून चहा टाकला आणि त्या मुलीच्या पाढ्यांचं सांगत बसली, सतराचा पाढा उलटा म्हणायची म्हणे.

दादाला तिने घरी बोलावलं, मला बाहेर पाठवलं. तासाभराने दादा आला तो वहीच घेऊन, व्यवस्थापक तोच, पर्यायी मी. तिने एफडीतले वीस टक्के दादाला ठेवलेत, तो नको म्हणत होता, ती म्हणाली मी मुख्याध्यापिका आहे, सही कर. फ्लॅट विकून पैसे द्यायचे, कॉर्पस, "प्राधान्याने" शब्द, संस्था नसेल तर तशीच दुसरी, सगळं वकिलांनी घातलंय. सातबाऱ्यावर खरंच आत्याचं नाव नव्हतं, वारसनोंदीचा अर्ज दिलाय. साक्षीला तिचे डॉक्टर आणि तिचाच एक विद्यार्थी, तो आता चाळिशीत आहे, निबंधकांच्या ऑफिसात तिच्या पाया पडला तर रांगेतले लोक बघायला लागले.

हॉस्पिटलच्या सोशल वर्कर मॅडमशी फोनवर बोलणं झालंय, त्या म्हणाल्या या एकदा, दाखवते. आत्याला आत्ताच पंचवीस हजार पालकांच्या जेवणासाठी द्यायचेत, चेक लिहून पर्समध्ये ठेवलाय. पुढच्या गुरुवारी दादा रजा काढून गाडीने नेतोय, मीही आहे. आत्याला फार चालवत नाही, तर साताऱ्याहून पहाटे निघून परळला दहाच्या सुमाराला पोहोचलो तर हॉस्पिटलच्या जवळ गाडी कुठे लावता येते ते तिकडच्या कोणी सांगाल का?